हिसका

“सोडलास ना हात?”

कँटीनच्या मागच्या शेडमध्ये मी फरशीवर बसले होते, म्हणजे पडले होते. समोर दोन हात अंतरावर द्वारका गांगुर्डे तशीच पडली होती. भोवतीच्या दहाबारा बायका हसायचं की धावायचं हे ठरवत होत्या.

“न्हाई मॅडम. मी कशाला सोडू?”

“मग मी सोडला?”

“मी तसं म्हटलं का?”

हे तिचं नेहमीचं होतं. ती कधी काही म्हणायचीच नाही. माणूस काही बोललं तर त्याला बोलण्यात पकडता येतं. न बोलणाऱ्याला कुठे पकडायचं?

जगझाप मावशी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होत्या. त्या पॅकिंगच्या टेबलावरच्या, निवृत्तीला वर्ष उरलेल्या. कारखान्यातल्या बायकांच्या फुगडीचं सगळं त्यांच्याकडे. “तीन दिवसांत पाचव्यांदा पडलात गं,” त्या म्हणाल्या. “वजन सारखं, उंची सारखी. मग काय फरशी वाकडी आहे का?”

वजनाचं त्या उगाच म्हणत नव्हत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना पॅकिंगच्या वजनकाट्यावर एकेक करून उभं केलं होतं आणि आकडे बघून जोड्या लावल्या होत्या. मी एक्कावन्न किलो, द्वारका साडेएक्कावन्न. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या बायकांची गणपतीत फुगडीची स्पर्धा असायची आणि आदल्या वर्षी समोरच्या कारखान्याने आम्हाला हरवलं होतं. मावशींनी ते मनावर घेतलं होतं.

जोडी ऐकून मी तक्रार केली नव्हती. उलट बरंच वाटलं होतं. मला द्वारकाला जवळून बघायचं होतंच.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची, नाशिकची. शेतातल्या पंपांचे स्टार्टर आम्ही बनवायचो. स्टार्टरच्या पोटात एक खटका असतो. तो एकाच बाजूच्या दोन स्प्रिंगांच्या जोरावर उभा असतो, एक ताणलेली, एक दाबलेली. एक आपल्याकडे ओढते, दुसरी उलट रेटते, आणि त्या दोघींच्या ओढाताणीत खटका मधोमध ताठ राहतो. यातली एक जरी ढिली पडली तरी दुसरी त्याला आडवं करते. मग पंप चालू व्हायच्या आधीच बंद. शेतकरी कारखान्याच्या नावाने शंख करतो आणि कारखाना आम्हा बायकांच्या नावाने.

पाच टेबलं होती. चार नंबरच्या टेबलावर द्वारका ताणलेली स्प्रिंग कडीत अडकवायची. पाच नंबरला मी. मी काही बसवायचे नाही, बसवलेलं तपासायचे. नापास नग लाल ट्रेमध्ये टाकायचा, कोणत्या टेबलाचा दोष ते रजिस्टरात लिहायचं आणि पास झालेला मावशींकडे सरकवायचा. मला या कामाचा अभिमान होता. कुणाच्या हाताला घाम येतो, कोण सोमवारी ढिलं काम करतं, कुणाचं नवऱ्याशी भांडण झालं की स्क्रू तिरके बसतात, हे सगळं मला पाठ होतं. बायका मला माघारी ‘चौकी’ म्हणायच्या. तेही मला माहीत होतं. कोण कोण म्हणतं तेसुद्धा.

द्वारका फुगडीच्या त्या दिवसांच्या सात महिने आधी तात्पुरती म्हणून लागली होती. दिंडोरीकडच्या खेड्यातली. आई आणि दोन मुली घेऊन शहरात खोली करून राहिलेली. नवऱ्याबद्दल विचारलं की “हाये तिकडं” एवढंच. त्याआधी सहा महिने ती समोरच्या कारखान्यात होती. हो, त्याच फुगडीवाल्या. तिथून का सोडलं, तर “काम संपलं.” काम संपतं का कधी?

लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एका दिवसात तिचे सात नग माझ्याकडे आले, ज्यांत स्प्रिंग कडीत बसलेलीच नव्हती, नुसती टेकवलेली होती. मी तिला बोलले. ती खाली बघत राहिली. त्या दिवसापासून मी नियमच केला. चार नंबरचा प्रत्येक नग आला की आधी माझ्या वाकड्या टोकाच्या बारीक आकड्याने स्प्रिंग ओढून बघायची, बसलीय की टेकवलीय. मग खटका दहा वेळा वरखाली करायचा.

आणि बघा, माझा संशय खराच निघत गेला. पूर्वी शंभरात दोनतीन नग नापास व्हायचे. पुढच्या महिन्यात पाच झाले, मग नऊ. खटका ताठ उभा राहायचाच नाही, मान टाकायचा. दोष नेहमी एकच, ताणलेली स्प्रिंग ढिली. म्हणजे चार नंबर. मी तपासणी आणखी कडक केली, आणखी जोर लावून ओढायला लागले. नापासांची संख्या चौदावर गेली.

आम्ही पडलो त्या मंगळवारी सकाळी पेठकर साहेबांनी मला बोलावलं होतं. ते उत्पादनाचे मॅनेजर. बोलताना समोरच्याकडे न बघता पेनाचं टोपण उघडझाप करायचे.

“बोरस्ते बाई, शंभरात चौदा. हे काय चाललंय?”

“साहेब, चार नंबर.”

“मुद्दाम करतेय का?”

मी लगेच हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. “समोरून आलेली आहे,” एवढंच म्हणाले.

टोपण उघडझाप करायचं थांबलं. “शनिवारी लेखी द्या. कारण लिहा, आणि नाव लिहा. तिचे सात महिने होतायत. सोमवारपासून ठेवायची की नाही ते तुमच्या कागदावर ठरेल.”

म्हणून त्या संध्याकाळी फरशीवर पडल्या पडल्या मी तिला जे विचारलं, ते फक्त फुगडीबद्दल नव्हतं.

बुधवारी मी तिच्यावर नजर ठेवली. डबा खाताना ती भिंतीकडे तोंड करून बसते. तीन वाजून दहा मिनिटांनी उठते, पाच मिनिटांनी येते. आणि एक नवीन गोष्ट दिसली. स्प्रिंग कडीत अडकवली की ती इकडेतिकडे बघायची, ड्रॉवरमधून पक्कड काढायची आणि कडीवर काहीतरी करून पक्कड परत आत ठेवायची. पक्कड चार नंबरच्या कामाला लागतच नाही. ती आली कुठून?

मला हवं ते सापडलं होतं. रजिस्टरात मी वेळेसकट लिहून ठेवलं.

“काय शोधतेस गं एवढं?” मावशींनी पॅकिंगवरून विचारलं. त्यांच्याकडे माझ्या टेबलावरून नग जायचे, त्यामुळे आमची रोजची बोलाचाली होती.

“पक्कड बघितलीत का तिच्याकडे?”

“पक्कड म्हणजे काय तलवार आहे? तिला विचार.”

“विचारलं तर सावध होईल.”

“मग विचारू नको,” मावशी खोक्याला पट्टी मारत म्हणाल्या. “तुला उत्तर नकोच आहे.”

गुरुवारी पाळी सुटल्यावर पुन्हा शेडमध्ये जमलो. मावशी म्हणाल्या, “आज फुगडी नको. आज पाठीला पाठ.”

यात दोघींनी पाठ टेकवून फरशीवर बसायचं, कोपरं एकमेकींच्या कोपरांत अडकवायची आणि एकमेकींना रेटत एकदम उभं राहायचं. हाताचा आधार नाही. जितकं तू रेटशील तितकं ती रेटणार, आणि त्या दाबावर दोघी वर येणार. बाकीच्या जोड्या ओरडत, हसत उठल्या. वाइंडिंगवरची पुष्पा तर तिच्या जोडीदारणीला जवळजवळ खांद्यावर घेऊन उठली.

आम्ही अर्ध्यात आलो आणि कोसळलो. पुन्हा केलं, पुन्हा कोसळलो.

“ही रेटतच नाही,” मी म्हणाले.

“रेटते मॅडम.”

“मला कळत नाही का? मधेच पाठ नाहीशी होते तुझी.”

“तुमचीच...” ती बोलली आणि थांबली.

“माझी काय? बोल ना.”

“काही नाही.”

“बघा! मावशी, बघा. काहीतरी आहे आणि ती सांगत नाही.”

मावशींनी द्वारकाला बाजूला केलं. “उठ कुंदा. माझ्याबरोबर फुगडी धर.”

“तुमच्याबरोबर? तुम्ही पासष्ट किलो.”

“माझं वजन मला सांगू नको. धर.”

आम्ही हात धरले, पावलं जुळवली. मी अंग मागे टाकायला निघाले. मावशी हलल्याच नाहीत.

“हे काय केलंस?”

“काय केलं?”

“परत कर.”

मी परत तेच केलं.

“हे. निघायच्या आधी हिसका दिलास.”

“मी? छे.”

“पुष्पा, तू बघ गं हिच्या हाताकडे. कर कुंदा.”

मी हात धरले. पुष्पा तोंडावर हात ठेवून हसली. “देतात हो मावशी. हिसका देतात. बैलाला दाव्याला बांधल्यावर ओढून बघतात तसा.”

बायका हसल्या. मला राग आला. मी हिसका देत नव्हते. निदान मला ठाऊक नव्हतं. मावशींनी तिसऱ्यांदा हात धरले आणि या वेळी मी माझ्या मनगटाकडे बघत राहिले. मावशींनी माझी आणि मी त्यांची मनगटं पकडली, आणि मी मागे जायच्या आधी, माझ्या परवानगीशिवाय, माझे दोन्ही हात पटकन एकदा स्वतःकडे आले. बारीकसाच झटका. धरलंय का बघायला.

“दिसलं?” मावशी म्हणाल्या.

मी हात सोडवून घेतले.

“आता पुढचं ऐक. तू हिसका दिलास की समोरची काय करते? घाबरते. कोपरं ताठ करते. ताठ झाली की फिरता येत नाही, मग तुला वाटतं ही आडमुठेपणा करते, आणि पुढच्या वेळी तू जास्त ओढून बघतेस. ती आणखी ताठ. पाठीला पाठ लावतानाही तेच. तू दाबून बघतेस आणि ती दाबते का पाहायला मधेच सैल सोडतेस. मग दोघी जमिनीवर, आणि एकमेकींच्या नावाने बोंब. ही पोर वाईट खेळत नाही. तूही वाईट खेळत नाहीस. तुमच्या दोघींच्या मधे जे चाललंय ते वाईट आहे. भार टाक बाई. ओढून बघू नको, टाक.”

“आणि तिने सोडलं तर?”

“तर पडशील. आत्ता काय उभी आहेस?”

घरी जाताना मी मावशींवर चिडले होते. त्यांना काय कळतं, असं म्हणत होते. द्वारकाने त्यांनाही गुंडाळलं असेल. तीन वाजून दहा मिनिटांनी ती पॅकिंगच्याच बाजूने जायची, हेही आठवलं.

शुक्रवारी सकाळी पहिला नग माझ्यासमोर आला. मी आकडा उचलला, स्प्रिंगला लावला आणि ओढला.

माझे हात थांबले. तोच झटका होता. पटकन, स्वतःकडे, धरलंय का बघायला.

मी खटका दाबला. एक, दोन, तीन. सहाव्या वेळेला त्याने मान टाकली.

लाल ट्रेमध्ये टाकण्याऐवजी मी तो नग हातात धरून बसले. मग उठून चार नंबरला गेले. द्वारकाने मला येताना बघितलं आणि पक्कड ड्रॉवरमध्ये सारली.

“काढ ती.”

तिने काढली. घरातून आणलेली होती, मुठीला कापड गुंडाळलेली.

“हिने काय करतेस?”

“कडी आवळते.”

“का?”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “तुम्ही ओढता ना. सुटली तर माझ्या नावावर लाल. म्हणून आवळते.”

“आणि आवळली नाही तर?”

“तर तुमच्या ओढण्याने सुटते. आवळली की सुटत नाही. स्प्रिंगच लांबते मंग. पण लांबलेली लगेच दिसत नाही, म्हणून...” ती थांबली. “लगेच लाल होत नाही सगळी.”

मी माझ्या टेबलावर आले. आता काय करायचं हे मला नीट ठाऊक होतं, कारण संशय घ्यायला मी तरबेज होते. आज तिने मुद्दाम चांगलं काम केलं असेल तर? म्हणून एक नग ओढून तपासायचा, पुढचा न ओढता, असं एकाआड एक करत दुपारपर्यंत शंभर नग केले. न ओढलेल्या पन्नासातला एक पडला, तोही दोन नंबरच्या चुकीने. ओढलेल्या पन्नासातले आठ पडले. मी पुन्हा मोजले. आठच होते.

सात महिन्यांची रजिस्टरं काढून मी आकडे बघितले. मी जितकं कडक तपासलं होतं तितके नग बिघडले होते आणि जितके बिघडले तितकं मी कडक तपासलं होतं. प्रत्येक पानावर उजव्या बाजूला माझ्याच नीटस अक्षरात ‘टे. ४’.

शनिवारी कागद घेऊन मी पेठकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. टोपण उघडलं, बंद केलं.

“नावाच्या जागी तुमचं नाव लिहिलंय.”

“हो साहेब.”

“चुकून?”

“नाही. दोष तपासणीत आहे. मी ओढते म्हणून स्प्रिंग लांबते.”

त्यांनी मान वर केली आणि प्रथमच माझ्याकडे बघितलं. डोळे थोडे बारीक करून, माझ्या चेहऱ्यावर काही लपवलेलं दिसतंय का शोधत. ती नजर मला चांगलीच ओळखीची होती. फक्त आजवर ती मी दुसऱ्यांवर टाकत आले होते.

“मंगळवारी तर चार नंबर म्हणत होतात. समोरून आलेली आहे, असंही म्हणालात.”

“म्हणाले होते.”

“तुमची नि तिची फुगडीची जोडी आहे म्हणे.”

“वजनामुळे लागली.”

“हं. बायकांचं सूत जमलं की रजिस्टरं बदलतात, बोरस्ते बाई. वीस वर्षं कारखान्यात आहे मी.” आवाज गोड होता. “तिने काही सांगितलं का तुम्हाला? घरची अडचण वगैरे? रडली का?”

माझी मान आपोआप ताठ झाली. खरं बोलत असूनही मला काहीतरी लपवतेय असं वाटायला लागलं. हात कुठे ठेवावेत ते कळेना. बोलायला गेले असते तर अडखळले असते, आणि अडखळले असते तर त्यांची खात्रीच पटली असती.

म्हणून मी बोललेच नाही. पिशवीतून वीस नग काढून त्यांच्या टेबलावर मांडले, वर माझा आकडा ठेवला.

“हे सगळे खटके ताठ आहेत. तुम्हीच बघा. मग दहा तुम्ही ओढा, दहा तसेच ठेवा.”

त्यांनी आकडा उचलला. पुरुषी हात, एक ओढला, दुसरा ओढला. तिसऱ्याला स्प्रिंग त्यांच्या डोळ्यांदेखत लोंबली. दहा ओढून झाल्यावर त्यांनी एकेक खटका वरखाली केला. चार आडवे झाले. न ओढलेले दहाच्या दहा उभे.

त्यांनी आकडा टेबलावर ठेवला.

“ओढून बघायचं, हे आपल्या पद्धतीत कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही. मी सुरू केलं.”

“कुणाला विचारून?”

“कुणाला नाही.”

त्यांनी कागदावर सही केली. सोमवारपासून द्वारकाला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. आणि मला पाच नंबरवरून उचलून स्टोअरमध्ये बसवलं, तिथे मी नट मोजत पुढचं वर्ष काढलं. माझी तक्रार नव्हती. नटांच्या बाबतीत वाईट विचार करून त्यांचं काही बिघडत नाही.

केबिनमधून निघाले ती थेट चार नंबरला गेले. द्वारका काम आवरत होती.

“सोमवारी ये,” मी म्हणाले. “सहा महिने पक्के.”

ती खुर्चीवर बसली. पदर तोंडाला लावला, डोळे कोरडे केले, पुन्हा उठली. दोन्ही मुलींची नावं तिने एका दमात घेतली, मला सांगायला नाही, आपलीच.

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले. “स्प्रिंग माझ्यामुळे लांबते, हे तुला कधीपासून माहीत होतं?”

“चार महिने झाले असतील.”

“चार महिने! मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता, मॅडम?”

मी काय म्हणाले असते ते आम्हा दोघींनाही शब्दन्‌शब्द ठाऊक होतं. तिने उत्तराची वाट बघितली नाही. डबा पिशवीत घातला.

“बरं झालं ते झालं,” मी म्हणाले. मला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटलं की मी जरा जास्त बोलते. “सोमवारी स्पर्धा आहे. आता बघ आपली फुगडी. हिसका नाही, काही नाही. सगळा भार टाकणार मी. समोरच्यांना दाखवू.”

द्वारका पिशवीचा बंद आवळत होती.

“मी पुष्पाबरोबर धरलीय.”

“पुष्पाबरोबर? वजन कुठे जुळतंय तुमचं? ती अठ्ठावन्न किलोची.”

“न्हाई जुळत. मावशी म्हणाल्या, चालेल.”

“मावशींना मी सांगते.”

“नका सांगू.”

तिचा आवाज चढला नव्हता. लाइनवरच्या बायका एकेक करून घरी निघाल्या होत्या. मी तिच्या वाटेत उभी होते. सात महिने बघून बघून पाठ झालेला तिचा चेहरा मला वाचता येईना.

“राग आहे का तुला माझा?” मी विचारलं.

“राग कशाचा? नोकरी जाणार होती ती तुमच्यापायी, राहिली ती तुमच्यापायी. फिट्टंफाट.” तिने पिशवी डाव्या खांद्यावर घेतली. उजवा हात वर केला, बाही मागे सारली आणि मनगट मला दाखवलं. निळंजांभळं झालं होतं, माझ्याच चार बोटांचे चार ठसे. “राग न्हाई, मॅडम. हात दुखतो.”